दोन रात्रींची भेट आणि पंचवीस वर्षांचा करार

सुट्टीत राहण्याची जागा मालकीची करून न घेता आणि दर खेपेला भाड्यानेही न घेता, ती वर्षातील ठरावीक दिवस वापरण्याचा हक्क अनेक वर्षांसाठी एकदम विकत घेणे, या व्यवहाराला टाइमशेअर म्हणतात. बोलण्यात त्याला हॉलिडे मेंबरशिप हेच नाव अधिक रुळले आहे. या हक्काची विक्री फार मोठ्या प्रमाणावर एका खास प्रकारच्या सभेतून होते. पतिपत्नीला हॉटेलच्या सभागृहात बोलावले जाते, चहा-नाश्ता दिला जातो, योजना समजावून सांगितली जाते, आणि सभासदत्व घेतले नाही तरी केवळ आल्याबद्दल एखाद्या पर्यटनस्थळी दोन-तीन रात्रींच्या मोफत मुक्कामाचे व्हाउचर मिळेल असे आश्वासन असते. सभासदत्व घ्यायचे नाही, फक्त व्हाउचर घ्यायचे आणि त्यावर सहलीचा खर्च वाचवायचा, अशा विचाराने या सभांना जाणारी कुटुंबे जगभर आहेत. काटकसरीने संसार करणाऱ्या कुटुंबाला हा विचार सुचावा हे स्वाभाविकच आहे. परंतु त्यामागचा हिशेब सभागृहात दाखवल्या जाणाऱ्या आकड्यांपेक्षा बराच वेगळा निघतो.

सोलापुरातल्या सात रस्ता परिसरात राहणारे, शाळकरी वयाची दोन मुले असलेले एक नोकरदार कुटुंब उदाहरणादाखल डोळ्यांसमोर ठेवले, तर या व्हाउचरचे आकर्षण लगेच समजते. पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर ही या कुटुंबाची नेहमीची ठिकाणे सकाळी निघून रात्री परत येण्याइतकी जवळ आहेत, त्यामुळे तिथे मुक्कामाचा खर्च जवळजवळ नसतोच. खर्च सुरू होतो तो एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा शहराचा पारा चाळिशी ओलांडतो आणि मुले महाबळेश्वर, कोकण किंवा गोव्याचे नाव काढू लागतात. जून 2025 पासून सोलापूरहून गोव्याला थेट विमान सुरू झाल्यामुळे तर गोवा मनानेही जवळ आला आहे. मात्र मुलांच्या परीक्षा आणि निकाल यांच्याशी बांधलेल्या कुटुंबाला नेमके तेच दिवस मोकळे मिळतात ज्या दिवसांत थंड हवेच्या ठिकाणी आणि समुद्रकिनारी खोल्यांचे दर सर्वांत चढे असतात, आणि या अडचणीवरच टाइमशेअरची सारी मांडणी उभी राहते.

ही कल्पना मूळची युरोपातली आहे. 1963 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्थापन झालेल्या हापिमाग या कंपनीने अनेकांच्या सामायिक पैशातून सुट्टीची घरे उभारून ती सभासदांना आळीपाळीने वापरू देण्याची पद्धत सुरू केली. 1974 मध्ये अमेरिकेत आरसीआय ही संस्था निघाली, आणि एका ठिकाणचा आपला आठवडा दुसऱ्या सभासदाच्या दुसऱ्या ठिकाणच्या आठवड्याशी बदलून घेण्याची सोय झाल्यावर या व्यवसायाचा विस्तार वेगाने झाला. भारतात स्टर्लिंग हॉलिडे रिसॉर्ट्स ही कंपनी 1986 मध्ये आणि महिंद्र हॉलिडेज 1996 मध्ये सुरू झाली. क्लब महिंद्र या नावाने तिने रूढ केलेले पंचवीस वर्षांचे, वर्षाला सात रात्रींचे सभासदत्व आज या व्यवसायाचा परिचित नमुना मानले जाते. इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, की भारतातील बहुतेक योजनांत ग्राहकाला जागेची मालकी मिळत नाही, मिळतो तो केवळ वापरहक्क. करारात लिहिलेली मुदत संपली की हा हक्कही संपतो आणि हाती विकण्यासारखे काही उरत नाही. त्यामुळे सभागृहात ‘मालमत्ता’ किंवा ‘गुंतवणूक’ हे शब्द उच्चारले गेले, तर ऐकणाऱ्याने तिथेच सावध होणे इष्ट ठरते.

सभेपर्यंत कुटुंब पोचते ते बहुधा एखाद्या कूपनामार्फत. मॉल, पेट्रोल पंप, प्रदर्शन किंवा रेस्टॉरंटमध्ये नाव, मोबाइल क्रमांक, व्यवसाय आणि उत्पन्नगट लिहून एका पेटीत टाकलेला कागद म्हणजे सोडतीचा अर्ज आहे, असे भरणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात तो संभाव्य ग्राहकांची यादी तयार करण्याचा मार्ग असतो. काही दिवसांनी ‘तुमची निवड झाली आहे’ असा फोन येतो आणि त्याबरोबर काही अटी सांगितल्या जातात. पती आणि पत्नी दोघांनी एकत्र यायचे, वय आणि उत्पन्न ठरावीक मर्यादेत असायचे, आणि बरोबर क्रेडिट किंवा डेबिट कार्ड आणायचे. यांपैकी पहिली अट सर्वांत महत्त्वाची आहे. मराठी कुटुंबात नकोशा विक्रेत्याला टाळण्याचा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला सभ्य मार्ग म्हणजे ‘घरी विचारून सांगतो’ हे उत्तर. दोघांनाही एकाच टेबलाशी बसवले की हे उत्तरच उरत नाही आणि निर्णय त्याच खोलीत घेण्याचा दबाव निर्माण होतो.

सभागृहातील प्रत्येक टप्प्यामागे मानसशास्त्राने तपासलेली काही निरीक्षणे आहेत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेनिस रीगन यांनी 1971 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागी व्यक्तीला एका अनोळखी माणसाने न मागता कोकाकोलाची बाटली आणून दिली आणि थोड्या वेळाने तिला सोडतीची तिकिटे विकत घेण्याची विनंती केली. ज्यांना बाटली मिळाली होती त्यांनी इतरांच्या जवळपास दुप्पट तिकिटे घेतली, आणि तो माणूस आवडला की नाही याचा त्या खरेदीवर फारसा परिणाम दिसला नाही. घेतलेल्याची परतफेड करावी ही भावना माणसाच्या सामाजिक जीवनाचा पायाच आहे, असे फ्रेंच अभ्यासक मार्सेल मॉस यांनी भेटवस्तूंवरील आपल्या विवेचनात 1925 मध्येच दाखवून दिले होते. चहा, नाश्ता, मुलांसाठी खेळणी, विक्रेत्याने आपुलकीने केलेली चौकशी आणि समोर ठेवलेले व्हाउचर यांतून नेमकी हीच भावना जागवली जाते. आतिथ्याला मान देणाऱ्या समाजात, ज्याने दोन तास आपल्यासाठी खर्च केले त्याच्या तोंडावर नकार देणे अवघड जाते, आणि सुसंस्कृत माणसालाच ते अधिक अवघड जाते, ही गोष्ट फार खेदाची आहे.

यानंतर प्रश्नावली येते. गेल्या पाच वर्षांत कुठे फिरलात, मुलांना काय आवडते, कुटुंबाने एकत्र वेळ घालवणे महत्त्वाचे वाटते का, अशा प्रश्नांना स्वाभाविकपणे होकारार्थी उत्तरे मिळतात. आधी दिलेल्या लहान होकाराशी सुसंगत राहण्यासाठी माणूस पुढे मोठा होकार देण्याची शक्यता वाढते, हे फ्रीडमन आणि फ्रेझर या संशोधकांनी 1966 मध्ये दाखवले होते. मग पुढील पंचवीस वर्षांत हॉटेलांवर होणाऱ्या खर्चाची महागाई धरून केलेली बेरीज कागदावर मांडली जाते आणि ती पंधरा-वीस लाखांच्या घरात जाते. त्या आकड्याशेजारी सभासदत्वाची किंमत लहान वाटू लागते, कारण आधी ऐकलेला आकडा नंतरच्या अंदाजाला आपल्याकडे ओढून घेतो. ट्व्हर्स्की आणि कानेमन यांनी 1974 मध्ये या प्रवृत्तीचे विवेचन केले. नकार दिला की व्यवस्थापक टेबलाशी येतो, किंमत उतरवतो, काही रात्री वाढवून देतो आणि ही सवलत फक्त आजपुरती आहे असे सांगतो. दरम्यान शेजारच्या टेबलावर कुणी सही केली तर टाळ्या वाजतात. दीड तासाची म्हणून सांगितलेली सभा अशा वेळी तीन तासांवर जाते, आणि थकलेली मुले घरी जाण्याचा हट्ट धरून बसलेली असतात.

एवढे सहन करून सही न करता बाहेर पडलेल्या कुटुंबाच्या हाती व्हाउचर येते, तेव्हा त्याची खरी किंमत ठरवणे आवश्यक असते. अशा व्हाउचरवर सामान्यतः प्रवासखर्च नसतो, जेवण नसते, आणि कर, नोंदणी किंवा सुविधाशुल्क या नावाने काही रक्कम आगाऊ भरावी लागते. नोंदणी बरेच दिवस आधी करावी लागते. दिवाळी, नाताळ आणि उन्हाळी सुट्टी हे दिवस वगळलेले असतात. आणि मुदत सहसा काही महिन्यांची असते. सात रस्त्यावरील कुटुंबाला मे महिन्यात लोणावळ्याला जायचे आहे आणि व्हाउचर पावसाळ्यातल्या मंगळवार-बुधवारपुरते आहे, अशी स्थिती असेल तर त्या व्हाउचरवर एक रुपयाही वाचत नाही. उलट जी सहल करायचीच नव्हती ती ‘वाया जाऊ नये’ म्हणून केली जाते आणि वर्षाचा खर्च वाढतो. व्हाउचरच्या सर्व अटी लेखी आणि सभेला जाण्यापूर्वी मिळाल्या, तारखा सोयीच्या निघाल्या आणि राहण्याचे ठिकाण स्वतंत्रपणे पडताळून पाहता आले, तरच दोन रात्रींचे भाडे वाचले असे म्हणता येते. तेवढ्या बचतीसाठी एक संपूर्ण रविवार आणि आपला मोबाइल क्रमांक द्यावा का, हे प्रत्येक घराने आपल्यापुरते ठरवावे.

आता सही केलेल्या कुटुंबाचा हिशेब पाहू, कारण खरा प्रश्न तिथे आहे. समजा, पंचवीस वर्षांच्या सभासदत्वाचे शुल्क 3 लाख रुपये आहे आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरला, तर रक्कम 3 लाख 54 हजार होते. समजा, दर वर्षी भरावयाचे देखभाल शुल्क करासह 17,700 रुपये आहे. हे वार्षिक शुल्क त्या वर्षी कुटुंब कुठेही गेले नाही तरी सहसा भरावेच लागते, ही बाब सभागृहात ओझरती सांगितली जाते. मूळ रक्कम पंचवीस वर्षांवर विभागली तर वर्षाला 14,160 रुपये येतात. त्यांत देखभाल शुल्क मिळवले की 31,860 रुपये होतात, म्हणजे सातही रात्री वापरल्या तर एका रात्रीला सुमारे 4,550 रुपये पडतात. परंतु दहावी-बारावीची वर्षे, आजारपणे, लग्नकार्ये आणि रजेची अडचण धरून सरासरी चारच रात्री वापरल्या गेल्या, तर तोच दर जवळपास 8,000 रुपयांवर जातो. शिवाय 3 लाख 54 हजार रुपये बँकेत 7 टक्के दराने ठेवले असते तर वर्षाला 24,780 रुपये व्याज आले असते आणि मुद्दल शाबूत राहिले असते; हे बुडालेले व्याज आणि देखभाल शुल्क मिळून 42,480 रुपये होतात, म्हणजे सातही रात्री वापरून एका रात्रीला सहा हजारांहून अधिक. देखभाल शुल्क दर वर्षी 5 टक्क्यांनी वाढले तर पंचविसाव्या वर्षी ते सुमारे 57,000 रुपये होईल. एवढ्या पैशांत आपल्याला आवडेल ते हॉटेल, आपल्याला हव्या त्या गावी, कुणाच्याही परवानगीशिवाय निवडता येते.

या हिशेबात मोसमाचा मुद्दा आणखी भर घालतो. वर्षाचे गर्दीनुसार तीन-चार गट पाडून त्यांना रंगांची नावे देण्याची पद्धत या व्यवसायात आहे. स्वस्तातला रंग घेतला तर शाळेच्या सुट्टीतले दिवस मिळत नाहीत आणि महागातला घेतला तरी त्याच दिवसांसाठी हजारो सभासद एकाच वेळी नोंदणी करू पाहतात. टाइमशेअर हा मुळातच फसवा व्यवहार आहे असे मात्र म्हणता येत नाही. ज्यांना दर वर्षी न चुकता आठवडाभर बाहेर राहण्याची सवय आहे, जे कित्येक महिने आधी तारखा ठरवू शकतात, निवृत्तीनंतर गर्दी नसलेल्या दिवसांतही प्रवास करू शकतात आणि स्वयंपाकघरासह मोठी जागा ज्यांच्या उपयोगाची आहे, अशा कुटुंबांना तो समाधानही देतो. आक्षेप आहे तो तीन तासांच्या दडपणाखाली पंचवीस वर्षांचा निर्णय करून घेण्याच्या पद्धतीवर.

महाराष्ट्राने या व्यवसायाच्या सीमेवर घडलेला एक मोठा अनर्थ पाहिला आहे. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्स या कंपनीने हॉटेलातील खोल्यांच्या रात्री आगाऊ विकण्याच्या योजना काढल्या, ज्यांत रात्री न वापरणाऱ्याला मुदतीअखेर भरलेल्या रकमेपेक्षा अधिक रक्कम परत मिळण्याची सोय होती. घेणाऱ्यांच्या दृष्टीने ती सहल नव्हती, ठेव होती. लोकांचे पैसे एकत्र करून, त्यांच्या दैनंदिन नियंत्रणाबाहेर, नफ्याच्या अपेक्षेने चालवलेल्या योजनेला कायद्याच्या भाषेत सामूहिक गुंतवणूक योजना म्हणतात आणि तिला सेबीची, म्हणजे भांडवल बाजारावर देखरेख करणाऱ्या मंडळाची, नोंदणी लागते; ती इथे नव्हती. 29 फेब्रुवारी 2016 रोजी सेबीने या कंपनीला 51 लाखांहून अधिक गुंतवणूकदारांचे सुमारे 7,035 कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. त्याआधी 2015 मध्ये रॉयल ट्विंकल स्टार क्लब या कंपनीच्या हॉलिडे योजनांवरही सेबीने याच कारणासाठी आदेश काढला होता. म्हणून ‘वापरले नाही तर पैसे वाढून परत’ असे कुणी म्हणाले की सहलीचा विषय तिथेच संपतो, आणि विचारण्यासारखा एकच प्रश्न उरतो, तो म्हणजे सेबीचा नोंदणी क्रमांक कोणता.

सही झाल्यानंतर मन बदलले तर काय, या प्रश्नाचे उत्तर युरोपात आणि भारतात वेगवेगळे आहे. युरोपीय संघाने 1994 च्या निर्देशाने टाइमशेअर ग्राहकाला कारण न देता करार मागे घेण्यासाठी किमान दहा दिवस दिले, 2008 मध्ये ही मुदत चौदा दिवसांची केली आणि त्या काळात आगाऊ रक्कम घेण्यावरील बंदी कायम ठेवली. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात ही मुदत दहा दिवसांची आहे. भारतात टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. काही कंपन्या आपल्या करारात परतीची मुदत देतात, पण ती त्यांच्या अटींनुसार असते. आयुर्विमा पॉलिसी घेणाऱ्याला मात्र ती वाचून परत करण्याची मुदत नियमाने मिळते आणि 2024 पासून ती तीस दिवसांची आहे. विम्याइतक्याच दीर्घ मुदतीच्या, तितक्याच किचकट करारासाठी हे संरक्षण नसावे, ही भारतीय ग्राहक कायद्यातील ठळक उणीव आहे.

तरीही सोलापूरचा ग्राहक निराधार नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019, जो 20 जुलै 2020 पासून लागू झाला, त्यात अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत भेटवस्तू देऊ करून ती न देणे, आणि जिची किंमत व्यवहारातच पूर्णतः किंवा अंशतः वसूल केली आहे ती वस्तू मोफत असल्याचा आभास निर्माण करणे, या दोन्ही गोष्टी नावानिशी आल्या आहेत. तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो तिथेच तक्रार करता येते, त्यामुळे करारात चेन्नई किंवा हैदराबादचे न्यायक्षेत्र लिहिलेले असले तरी सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही. लवादाचे कलम असले तरी ग्राहक आयोगाकडे जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफच्या प्रकरणात 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. दिलेला मोबदला 5 लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे: सेवेतील त्रुटी आणि अनुचित प्रथा यांची तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते, परंतु कराराच्या अटीच अन्याय्य आहेत असे ठरवून घ्यायचे असेल तर कायद्याने तो अधिकार राज्य आयोगाला आणि त्यावरील राष्ट्रीय आयोगाला दिला आहे. या सगळ्यात तोंडी आश्वासनांना आधार मिळणे सर्वांत कठीण जाते, कारण करारात बहुधा असे छापलेले असते की लेखी मजकुराबाहेरचे कोणतेही वचन कंपनीला बांधील नाही.

म्हणून खर्च वाचवण्याच्या हेतूने जाणाऱ्या कुटुंबाने तयारी घरीच करावी. आज कोणत्याही परिस्थितीत सही करायची नाही हे दोघांनी निघण्यापूर्वी ठरवावे, कार्डे आणि धनादेश घरी ठेवावेत, त्यामुळे प्रवेश नाकारला गेला तर निमंत्रणाचा उद्देश आपोआप कळेल. व्हाउचरच्या अटी आधी मोबाइलवर मागवाव्यात आणि योजना आवडलीच तर कोऱ्या कराराची प्रत वाचण्यासाठी घरी मागावी. प्रत देण्यास नकार मिळाला तर तिथून उठावे. सही होऊन गेली असेल तर त्याच दिवशी ईमेलने आणि नोंदणीकृत टपालाने करार रद्द करत असल्याचे कळवावे, हप्त्यांसाठी बँकेला दिलेली परवानगी मागे घेण्याची प्रक्रिया बँकेकडून समजून घ्यावी, आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. हप्ते स्वतंत्र कर्जसंस्थेमार्फत असतील तर वाद चालू असतानाही ते थकवण्यापूर्वी सल्ला घ्यावा, कारण थकबाकीची नोंद पतगुणांकनावर होते.

भारतातील ग्राहक चळवळीला ज्या संघटनांनी बळ दिले त्यांत 1974 मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी सुरू केलेली ग्राहक पंचायत आणि त्यापाठोपाठ 1975 मध्ये उभी राहिलेली मुंबई ग्राहक पंचायत यांचे स्थान मोठे आहे, आणि 1986 चा पहिला ग्राहक संरक्षण कायदा घडण्यात या चळवळीचा वाटा होता. टाइमशेअरच्या प्रत्येक करारावर सही केल्यानंतर किमान चौदा दिवस विनाकारण माघारीचा हक्क आणि तोपर्यंत एकही रुपया न घेण्याचे बंधन, ही मागणी महाराष्ट्रातील ग्राहक संघटनांनी केंद्र सरकारकडे लावून धरावी.